शोधनिबंध लिहायचा तो कोणासाठी?

धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात माकणी नावाचे गाव आहे. गावाजवळ तेरणा नदीवर मातीचे लांबलचक धरण आहे. सरकारी कागदांत त्याचे नाव निम्न तेरणा प्रकल्प असे असले, तरी लोक त्याला माकणीचे धरण म्हणूनच ओळखतात. या धरणापासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मोठा भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते आणि थकलेली माणसे घरात गाढ झोपली होती. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. लातूर जिल्ह्यातील किल्लारी, धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावे जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली.

त्या दिवसापासून या भागात एक प्रश्न विचारला जाऊ लागला. माकणीच्या धरणात पाणी साठले म्हणून तर भूकंप झाला नाही ना?

मित्रांनो, हा प्रश्न पारावर बसलेल्या आजोबांनी विचारला, तसाच तो शास्त्रज्ञांनीही विचारला. प्रश्न एकच होता. पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पारावरच्या चर्चेत ज्याचा आवाज मोठा त्याचे उत्तर खरे ठरते. शास्त्रज्ञाला आपले उत्तर लिहून काढावे लागते, आणि तेही अशा रीतीने की ज्याला ते पटणार नाही, त्यालाच ते तपासून पाहता यावे. अशा लिखाणाला शोधनिबंध म्हणतात.

तुमच्यापैकी काहींना मोठेपणी संशोधक व्हायचे असेल. मग लोक तुम्हांला सांगतील की भराभर शोधनिबंध छापा, संख्या वाढवा, म्हणजे नोकरी मिळेल, बढती मिळेल. माझे मत वेगळे आहे. शोधनिबंध आपल्यावर शंका घेणाऱ्या माणसासाठी लिहायचा असतो. ही गोष्ट ज्याला लवकर कळते, त्याचे संशोधनातील आयुष्य भक्कम पायावर उभे राहते. ती कशी अंगी बाणवायची, याची सुरुवात शाळेतच करता येते.

मोठा प्रश्न लहान करा

‘धरणामुळे भूकंप झाला का?’ हा प्रश्न एका घासात गिळता येण्याजोगा नाही. त्याचे तुकडे करावे लागतात. धरणात पाणी केव्हापासून साठू लागले? ते किती खोल होते? भूकंपाचे केंद्र धरणापासून किती दूर आणि किती खोल होते? मोठ्या धक्क्यापूर्वी लहान धक्के बसले होते का? नंतरचे धक्के किती दिवस चालले? या प्रत्येक तुकड्याचे उत्तर आकड्यांत देता येते. म्हणून हे तुकडे शास्त्राच्या कामाचे आहेत.

असे तुकडे पाडण्याचा एक नामी नमुना महाराष्ट्रातच आहे. कोयना धरणाची उंची १०३ मीटर आहे. त्यात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हाही प्रश्न हाच होता. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी आणि हरि नारायण यांनी केवळ कोयनेकडे पाहून उत्तर दिले नाही. आफ्रिकेतील करिबा आणि ग्रीसमधील क्रेमास्टा या जलाशयांजवळही भूकंप झाले होते. त्या नोंदी त्यांनी कोयनेच्या नोंदींशेजारी मांडल्या. लहान आणि मोठ्या धक्क्यांचे प्रमाण किती आहे? मुख्य धक्का आणि त्यानंतरचा सर्वांत मोठा धक्का यांच्या तीव्रतेत अंतर किती आहे? नंतरचे धक्के हळूहळू विरतात की झटकन थांबतात? जलाशयांजवळच्या भूकंपांत या बाबतीत सारखेपणा आहे आणि इतर भूकंपांहून तो वेगळा आहे, असे त्यांना आढळले. हे काम १९७२ मध्ये अमेरिकेतील भूकंपशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात छापले गेले. आज जगात कोठेही जलाशय आणि भूकंप यांचा विषय निघाला की कोयनेचे नाव येतेच.

पाण्याने भूकंप कसा होऊ शकेल, असे तुम्ही विचाराल. पाणी दोन प्रकारे काम करते. एक म्हणजे त्याचे वजन खालच्या खडकावर पडते. दुसरे म्हणजे ते भेगांत शिरते आणि तेथे पाण्याचा दाब वाढतो. एकमेकांवर घट्ट दाबून बसलेले खडकांचे दोन थर त्यामुळे थोडे सैल होतात. खडकात मुळातच ताण साचलेला असेल, तर ते घसरण्याची वेळ लवकर येते. ताण निर्माण करणे हे पाण्याचे काम नव्हे. बंदुकीतली दारू आधीच ठासलेली असते, पाणी फार तर चाप ओढते.

दोन निबंध, दोन उत्तरे

आता माकणीकडे वळू. माकणीचे धरण कोयनेच्या मानाने फारच ठेंगणे आहे. त्यातले पाणी उथळ आहे. तेवढ्या पाण्याने एवढा मोठा भूकंप व्हावा, हे अनेक शास्त्रज्ञांना पटले नाही. दुसरीकडे, धरण भूकंपाच्या केंद्राजवळ होते, ते भूकंपापूर्वीच्या काही वर्षांतच भरू लागले होते आणि १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारी परिसरात लहान धक्क्यांची मालिकाही जाणवली होती. तेव्हा ही शक्यता सरसकट झटकून टाकता येणार नाही, असे काहींनी मांडले. या प्रश्नावर सर्वांचे एकमत झाले, असे म्हणता येत नाही.

वाद एवढ्यावरच थांबला नाही. ज्या भेगेवर खडक सरकला, ती भेग नवी होती की फार जुनी होती? या प्रश्नावर १९९६ या एकाच वर्षी दोन निबंध प्रसिद्ध झाले. एक निबंध अमेरिकेतील आणि कानपूरच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी मिळून लिहिला होता. काळ्या बेसाल्टच्या थरांत नवीच भेग पडली असावी, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा निबंध सी. पी. राजेंद्रन, कुसला राजेंद्रन आणि बिजू जॉन यांचा होता. बेसाल्टखाली दडलेल्या अतिप्राचीन खडकातील जुनीच भेग पुन्हा हलली, असे त्यांनी मांडले.

येथे एक बारीकशी गोष्ट लक्षात घ्या. पहिल्या निबंधाच्या शीर्षकाच्या शेवटी लेखकांनी प्रश्नचिन्ह ठेवले होते. जेवढे दिसले तेवढे सांगितले आणि जेथे खात्री नव्हती तेथे शीर्षकातच तशी खूण केली. परीक्षेत प्रश्नचिन्ह घातलेल्या उत्तराला गुण मिळत नाहीत. शास्त्रात मात्र योग्य जागी घातलेले प्रश्नचिन्ह हे प्रामाणिकपणाचे लक्षण मानतात.

मग यांतले कोण हुशार आणि कोण चुकलेले? असा निकाल लावण्याची घाई करू नका. दोघांनीही आपण काय मोजले, कोठे मोजले आणि कसे मोजले, ते लिहून ठेवले. म्हणून तिसऱ्याला पुढे जाता आले. जमिनीखाली काय आहे ते पाहण्यासाठी किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. वरचे ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली सुमारे ८ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन खडक. निबंधांतील वाद घोषणांनी मिटत नाही, तो अशा छिद्रांनी आणि अशा मोजमापांनी पुढे सरकतो.

आणि हा वाद काही पंडितांपुरता नव्हता. भूकंपाच्या धोक्यानुसार देशाचे जे विभाग पाडले होते, त्यांत १९९३ साली किल्लारी परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. भूकंपानंतर झालेल्या अभ्यासांच्या आधारे इमारतींचे भारतीय मानक २००२ साली सुधारले गेले. पहिला विभाग रद्द झाला आणि हा परिसर तिसऱ्या विभागात घेण्यात आला. घराचा पाया कसा घ्यावा, भिंतीत काँक्रीटचे आडवे पट्टे कोठे द्यावेत, हे अशा विभागांवरून ठरते. म्हणजे कोणी तरी नीट लिहिलेल्या कागदांवर उद्या कोणाच्या तरी डोक्यावरचे छप्पर टिकणार असते. निबंध खोटा किंवा घाईचा असेल, तर काय होईल, याचा विचार तुम्हीच करा.

तुमची पहिली वही

संशोधनाची सुरुवात पीएच.डी.ला नाव नोंदवल्यावर होते, असा समज आहे. माझ्या मते ती साध्या वहीपासून होते.

१९९२ सालच्या धक्क्यांचे उदाहरण घ्या. गावोगावच्या लोकांना ते जाणवले. भांडी वाजली, छतातून माती पडली. पण कोणत्या तारखेला, किती वाजता, किती सेकंद, घरात की उघड्यावर, शेजारच्या गावात जाणवला की नाही, हे ज्याच्या वहीत त्याच वेळी लिहिलेले असेल, त्याचीच हकिगत शास्त्राच्या उपयोगी पडते. ‘त्या वर्षी बरेच हादरे बसले होते’ एवढ्या आठवणीचा नकाशा काढता येत नाही.

समजा, तुम्ही माकणी परिसरात राहता. धरणातील पाणी वाढते तेव्हा आपल्या विहिरीचे पाणीही वाढते का, हा प्रश्न घ्या. एका सुतळीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा, टोकाला दगड बांधा. दर रविवारी सकाळी सातच्या सुमारास, उपसा सुरू होण्यापूर्वी, विहिरीच्या काठावरच्या एकाच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. वहीत तारीख, वेळ, अंतर आणि त्या आठवड्यात पाऊस पडला की नाही, ते लिहा. धरणातील पाणीसाठ्याचा आकडा वर्तमानपत्रात येतो किंवा पाटबंधारे कचेरीत विचारता येतो. तोही शेजारी लिहा. वर्षभरात ५२ नोंदी होतील. आलेखाच्या कागदावर दोन रेषा काढा. मग धरणापासून दूर असलेल्या दुसऱ्या विहिरीच्या अशाच नोंदी त्यांच्याशी ताडून पाहा. ही दुसरी विहीर नसेल, तर पाऊस आणि धरण यांचा परिणाम वेगळा काढता येणार नाही.

वहीचे तीन नियम पाळा. जे दिसले ते त्याच दिवशी लिहा. आकडा चुकीचा वाटला तरी खोडू नका, त्यावर एक रेघ मारून शेजारी कारण लिहा. एखादा रविवार चुकला तर ती जागा कोरी ठेवा, अंदाजाने भरू नका. कोरी जागा पाहून कोणी हसणार नाही. अंदाजाने भरलेला एक आकडा मात्र उरलेल्या ५१ आकड्यांवरचा विश्वास घालवतो.

विज्ञान प्रदर्शनात बाजारातून आणलेला प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा ज्वालामुखी ठेवून बक्षीस मिळवणारी मुले आपण पाहतो. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. मोठी माणसे बक्षीस देतात, म्हणून मुले ज्वालामुखी आणतात. पण सुतळी आणि ५२ नोंदी घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीला जर कोपऱ्यातले टेबल मिळत असेल, तर परीक्षकांनी आपली पद्धत बदलावी असे मला ठामपणे वाटते. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ सालीच सुरू झाली. तेथे आपल्या परिसरातील प्रश्नावर मुलांनी स्वतः केलेले काम मांडायचे असते. सहावी आणि नववीच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही कृतिसंशोधनाचा भाग असतो. अशा ठिकाणी आपल्या शिक्षकांमार्फत जरूर जा.

निबंध कसा असतो?

शोधनिबंधाचा सांगाडा साधा असतो. प्रश्न काय आणि तो का विचारला? याआधी इतरांनी काय केले? आम्ही कोणत्या रीतीने मोजले? काय आढळले? त्याचा अर्थ आम्ही काय लावतो? सुरुवातीला या सर्वांचा दहा-बारा ओळींचा सारांश असतो. निबंध वाचताना आधी सारांश वाचा, मग आकृत्या पाहा आणि मग पद्धत वाचा. पहिल्या वाचनात सारे कळले नाही तरी घाबरू नका. मोठ्या संशोधकांनाही ते एका वाचनात कळत नाही.

‘आढळले’ आणि ‘अर्थ लावला’ हे दोन भाग वेगळे ठेवणे हे निबंधाचे मर्म आहे. ‘विहिरीचे पाणी जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत चढले’ हे आढळले. ‘ते धरणातून पाझरले’ हा लावलेला अर्थ झाला. वाचकाला पहिले मान्य असेल आणि दुसरे नसेल. त्याला तसे करण्याची मोकळीक तुम्ही दिली पाहिजे.

लिहून झालेला निबंध नियतकालिकाकडे पाठवला की संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे धाडतात. हे परीक्षक बहुधा निनावी असतात. ते दोष काढतात, प्रश्न विचारतात, कधी सपशेल नकार देतात. पुष्कळदा निबंध दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागतो. त्यात काही महिने सहज जातात. नकार आला की दोन दिवस वाईट वाटणारच. तिसऱ्या दिवशी परीक्षकाचे पत्र पुन्हा वाचावे आणि त्याच्या प्रत्येक मुद्द्याखाली उत्तर लिहावे. त्याचे बरोबर असेल तर निबंध सुधारतो. त्याचा गैरसमज झाला असेल, तर आपले लिहिणे कोठे धूसर होते ते कळते.

आणखी एक. निबंधावर कोणाची नावे घालायची? ज्यांनी काम केले त्यांची. ज्याने वर्षभर सुतळी धरली त्याचे नाव गाळून ज्याने फक्त खोली दिली त्याचे नाव घालणे हा अन्याय आहे. आणि ज्या शेतकऱ्याने आपली विहीर मोजू दिली, त्याचे आभार शेवटी मानलेच पाहिजेत.

कोठे छापायचे?

नाशिकजवळ देवळाली येथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते. त्यांना १९४९ साली ६१७४ या संख्येचा एक गमतीदार गुण सापडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा आणि वजाबाकी करा. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच करा. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा एकदा. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४! फार तर सात वेळा वजाबाकी केली की ६१७४ येतेच. कापरेकरांनी आपले बरेच लेखन पुस्तिकांतून आणि लहान नियतकालिकांतून प्रसिद्ध केले. त्यांच्याकडे मोठ्या विद्यापीठाचे पद नव्हते. १९७५ च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर यांनी एका प्रसिद्ध अमेरिकी मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगभरचे लोक कागद-पेन्सिल घेऊन वजाबाक्या करू लागले.

यातून दोन गोष्टी घेता येतात. खरे काम लहान जागी छापले तरी ते खरेच राहते, कारण कोणालाही ते करून पाहता येते. पण ते जाणकारांपर्यंत लवकर पोचायचे असेल, तर ज्या नियतकालिकात त्या विषयाचे लोक वाचतात आणि भांडतात, तेथेच पाठवावे. जागा निवडण्याची सोपी युक्ती अशी, की तुमच्या निबंधात ज्यांचे आधार घेतलेत, ते निबंध कोठे छापले गेले ते पाहा.

याउलट, नावापुरती नियतकालिके बरीच निघाली आहेत. ती पैसे घेतात आणि काहीही छापतात. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा नियतकालिकांची तपासणी बंगळूरच्या ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि अनुदान आयोगाच्या यादीत शिरलेल्या नियतकालिकांतून त्यांनी नमुने घेतले. तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके कसोटीला उतरली नाहीत. असे का झाले? पीएच.डी. हवी तर आधी निबंध छापा, बढती हवी तर अमुक इतके छापा, अशा अटी आल्या. जेथे केवळ मोजणी आली तेथे मोजणीपुरता माल तयार झाला. २०२२ साली आयोगाने पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती आपल्या नियमांतून काढली, हे मला योग्य वाटते. निबंध छापावा, अवश्य छापावा. पण सांगण्यासारखे काही सापडले म्हणून छापावा.

खोटे दुकान ओळखायच्या खुणा अशा. ‘आपल्या थोर कार्याबद्दल’ स्तुतीचे पत्र न मागता येते. दोन-तीन दिवसांत निबंध स्वीकारला जातो. परीक्षकांचा एकही प्रश्न येत नाही, पैशांचा निरोप मात्र लगेच येतो. काही चांगली नियतकालिकेही छपाईसाठी शुल्क घेतात, हे खरे. पण पैसे भरले म्हणजे स्वीकारलेच, असे ती कधी म्हणत नाहीत.

आता संगणकाला सांगितले की तो घडीभरात निबंधही लिहून देतो. त्याची भाषा सफाईदार असते. पण तुमच्या विहिरीला सुतळी लावायला तो येत नाही. ज्या आकड्यामागे कोणी उन्हात उभे राहिलेले नाही, तो आकडा आपल्या नावाने छापू नये.

वाट कशी आहे?

घरची माणसे विचारतील की याने पोट भरेल का? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तयार ठेवा. बारावीनंतर पुण्यातील आयसरसारख्या संस्थांत त्यांच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेने जाता येते. ते जमले नाही तर जवळच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. करावी, त्यात कमीपणा नाही. नंतर जॅम नावाच्या परीक्षेतून आय.आय.टी.सारख्या ठिकाणी एम.एस्सी.ला जाता येते. त्यापुढे नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळते. २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे. म्हणजे पीएच.डी. करताना घरावर भार पडतोच असे नाही. भूकंपाचा विषय आवडला तर हैदराबादची भूभौतिकीय संस्था, पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था आणि कोयनेच्या अभ्यासासाठी कराडला उभारलेली प्रयोगशाळा ही ठिकाणे आहेत. पण हेही खरे, की पीएच.डी.नंतर कायमची नोकरी मिळायला वर्षे लागू शकतात. हे आधीच माहीत असलेले बरे.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या निबंधांची संख्या पाहू नका. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटा. सर प्रश्न विचारू देतात का? विद्यार्थ्याचे नाव निबंधावर पहिले येते का? आकडे मनासारखे आले नाहीत तर ते काय म्हणतात? या तीन उत्तरांवरून बरेच कळते.

खेड्यात पुस्तके नाहीत, ही अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. ‘करंट सायन्स’चे जुने अंक, भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिके आणि ‘शोधगंगा’वरचे प्रबंध फुकट वाचता येतात. निबंध इंग्रजीत असतात, हे खरे. म्हणून इंग्रजी शिका, रोज एक सारांश वाचा. पण वही मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. जे मराठीत स्पष्ट सांगता येत नाही, ते इंग्रजीत अधिक स्पष्ट होईल, असे मला वाटत नाही.

गावाला काय सांगाल?

किल्लारीच्या भूकंपावर पुष्कळ निबंध लिहिले गेले. ते बहुतेक इंग्रजीत आहेत आणि दूरच्या ग्रंथालयांत आहेत. ज्यांच्या शेतात भेगा पडल्या, ज्यांच्या विहिरींची आणि घरांची माहिती घेतली, त्या लोकांना त्यांत काय निघाले हे त्यांच्या भाषेत कळले पाहिजे. हे संशोधकाचे कर्तव्य आहे, ते उपकार म्हणून करायचे नाही. तुमच्यापैकी कोणी पुढे या विषयात काम केले, तर निबंध छापून आल्यावर दोन पानांचे मराठी टिपण करून गावच्या शाळेत वाचून दाखवा. मास्तर, शेतकरी आणि आजोबा तेथे असतील. ते प्रश्न विचारतील आणि ते परीक्षकांच्या प्रश्नांहून सोपे नसतील.

तोवर या रविवारी सुतळीला गाठी मारा. पहिल्या पानावर तारीख घाला, जागा लिहा आणि विहिरीच्या काठावर कोणत्या दगडापासून मोजले, त्याची आकृती काढा. उद्या दुसऱ्या कोणाला त्याच दगडापासून मोजून पाहायचे असेल.